निकाल कोण देणार?

कळंबला खोली बघायला गेले तेव्हा घरमालक अंगणात डाळिंबाच्या झाडाला पाणी घालत होते. मी भाडं विचारलं. त्यांनी नळी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "वरची खोली हिच्या अखत्यारीत आहे. भाडं ती सांगेल. जिना आणि पाण्याची टाकी माझ्याकडं. त्याबद्दल काही असेल तर विचारा."

मला वाटलं गंमत करताहेत, म्हणून हसले. ते हसले नाहीत. टाकीबद्दल मी काही विचारते का, याची वाट बघत उभे राहिले. शेवटी मी विचारलं, "पाणी किती वेळ येतं?" तेव्हा कुठं त्यांचा चेहरा सैल झाला आणि त्यांनी टाकीची सगळी माहिती दिली.

आतून काकू आल्या. "ह्यांचं मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आधी च्या घ्या. भाड्याचं बघू मग."

मी मूळची आळ्याची. वकिलीची सनद नुकतीच मिळालेली, घोडेगावच्या कोर्टात उभी राहायला लागले होते. रोज आळ्याहून जाण्या-येण्यात दिवस मोडायचा, म्हणून कळंबला राहायचं ठरवलं. त्या घरात मी बरीच वर्षं काढली. आता जुन्नरला असते. पण कुणी माझ्याकडं एखादं अपील घेऊन आलं, की पहिला प्रश्न माझ्या तोंडून आपोआप जो निघतो तो माझा नाही. तो साहेबांचा आहे.

गावात त्यांना 'इमानवालं साहेब' म्हणायचे. घर तिथलंच, शेतकऱ्याचं. शिकून दिल्लीला नोकरीला लागले आणि निवृत्त होऊन परत आले. गावाला वाटायचं, हे विमानं चालवत होते नाहीतर विकत तरी होते. कुणी पोराच्या नोकरीसाठी यायचं, कुणी स्वस्त तिकिटासाठी. साहेब सांगायचे, "मी विमानात फारसा बसलेलो नाही. मी दंडाच्या अपिलात होतो." यावर समोरचा माणूस चहा पिऊन निघून जायचा.

त्यांचं काम काय होतं ते मलाही समजायला वेळ लागला. विमान वाहतुकीचे नियम मोडले, तर कंपनीला, वैमानिकाला, कधी साध्या तंत्रज्ञालाही दंड होतो. त्यावर अपील करता येतं. अपील ऐकायचा अधिकार खात्यातल्या वरच्या माणसाचा. पण त्याला एवढा वेळ कुठून असणार? मग तो लेखी हुकूम काढून तो अधिकार खालच्या कुणाला तरी सोपवतो. साहेबांनी नोकरीची बहुतेक वर्षं असा सोपवलेला अधिकार वापरण्यात घालवली. आणि तो सांभाळण्याची सवय अंगात इतकी मुरली की घरी आल्यावरही सुटली नाही.

एकदा काकूंनी त्यांना मंचरला बाजारात पाठवलं आणि सांगितलं, "भाजी तुमच्या मनानं आणा." मी बरोबर होते. भाजीवाली म्हणाली, "साहेब, देऊ का माझ्या मनानं चांगली बघून?" साहेब गंभीरपणे म्हणाले, "नाही. निवड मला सोपवलेली आहे. सोपवलेलं पुढं सोपवता येत नाही." त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. साहेबांनी एकेक गवारीची शेंग मोडून बघितली. मागं रांग लागली.

पण हीच गोष्ट उलट्या बाजूनंही तितकीच खरी होती. घराला रंग द्यायचा होता तेव्हा त्यांनी काकूंना सांगितलं, "रंग तू ठरव." काकूंनी पोपटी निवडला. झगझगीत पोपटी, मंचरच्या रस्त्यावरून दिसेल असा. साहेबांना तो आवडला नव्हता हे मला पक्कं माहीत आहे, कारण दुपारच्या उन्हात ते भिंतीकडं पाठ करून बसायचे. तरी रंगाबद्दल एक शब्द त्यांनी कधी काढला नाही. काकूंनी एकदा मुद्दाम डिवचलं, "बोला की, कसा वाटतो?" ते म्हणाले, "मत विचारतेस की परवानगी?"

"मत."

"भडक आहे."

"मग बदलू का?"

"ते तुझ्याकडं आहे," असं म्हणून ते पेपर वाचू लागले. रंग तसाच राहिला.

मला बरेच दिवस वाटायचं, हा माणूस निर्णयाला घाबरतो. कुठलीही गोष्ट विचारा, आधी ती कुणाची हे ठरवणार, आणि बहुतेक वेळा ती त्यांची नसणारच. दोघा भावांच्या बांधाच्या भांडणात पंच म्हणून बोलवायला माणसं आली, तर यांनी विचारलं, "दोघांनी मिळून बोलावलंय की एकानं?" एकानंच बोलावलं होतं. हे गेले नाहीत. मला तेव्हा ती पळवाट वाटली. त्यांच्याबद्दल कुतूहल होतं, आदर नव्हता. तो मंदाताईंच्या प्रकरणात आला.

मंदाताई महाळुंगे पडवळच्या. त्यांच्या बचत गटाला सरकारी योजनेतून फवारणीचा ड्रोन मिळाला होता आणि तो उडवायचं शिक्षण घेऊन लायसन काढलेल्या अशा गटात त्या एकट्याच. चाळिशीच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. कांद्यावर, उसावर फवारणी करायच्या. पंचक्रोशीतून बोलावणी यायची. एका शेताचा एक कोपरा नकाशावर लाल होता. म्हणजे तिथं परवानगीशिवाय उडवायला बंदी, कारण पलीकडं एक संरक्षित आस्थापना. शेतमालक म्हणाला, "एवढा तुकडा मारून टाका ताई, समदेच मारत्यात." त्यांनी मारला. आस्थापनेच्या पहारेकऱ्यानं बघितलं, तक्रार गेली. महिनाभरात दंडाचा हुकूम आला आणि लायसन स्थगित झालं. ऐन हंगामात ड्रोन ताडपत्रीखाली गेला. आणि लायसन रद्द झालं असतं तर योजनेवाले तो दुसऱ्या गावच्या गटाला देऊन टाकणार होते. गटातल्या बायका मंदाताईंशी बोलायच्या, पण पूर्वीसारख्या नाही.

मी अपील केलं. सुनावणी व्हिडिओवर होती. इंटरनेट साहेबांच्या खालच्या खोलीत बरं यायचं, म्हणून आम्ही तिथं बसलो. साहेब स्वतः उठून अंगणात गेले. सुनावणी चालू असताना त्या खोलीत थांबण्याचा त्यांना अधिकार नव्हता म्हणे.

पडद्यावरचे अधिकारी भले वाटले. त्यांनी मंदाताईंना शांतपणे बोलू दिलं. ड्रोन कुणाचा, गटात किती बायका, आता तो कुठं आहे, सगळं विचारलं. शेवटी हिंदीत म्हणाले, हे सगळं आधी कागदावर आलं नव्हतं, शिक्षा जरा जास्तच झालेली दिसते, पुढच्या तारखेला निकाल देतो. कॅमेरा बंद झाला. मंदाताईंनी पदरानं चेहरा पुसला. मी त्यांना बसस्टँडवर सोडून येताना पेढे घेऊन आले.

साहेबांच्या हातावर पेढा ठेवला. तो तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "निकाल कोण देणार?"

"कोण म्हणजे? अपिलाचे अधिकारी. वरचे."

"वरची खुर्ची सांगू नका, वकीलबाई. माणूस कोण?"

मी वैतागले. म्हटलं, बघते आणि सांगते. वर जाऊन नोटीस काढली, नाव वाचलं. मग का कोण जाणे, मूळ दंडाचा हुकूमही काढला. सहीखालचं नाव तेच होतं.

दोन्ही कागद घेऊन मी जिन्यावरच बसले. घडलं होतं ते साधं होतं. ज्यांनी दंड केला ते अधिकारी मधल्या काळात बढती घेऊन वरच्या जागेवर गेले, आणि लहान यंत्रांच्या अपिलांचा अधिकार त्याच जागेला सोपवलेला होता. अधिकार जागेला दिला होता, आणि जागेवर माणूस तोच. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कदाचित त्यांच्याही नाही.

मी खाली आले आणि साहेबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद हातात घेऊन सह्या ताडून बघितल्या. काकू भाकरी करत होत्या, त्या थांबल्या.

"आता मी काय करू?" मी विचारलं. "गप्प बसले तर मंदाताई सुटतात. माणूस सोडायला तयार आहे. हरकत घेतली तर दुसरा कुणी येईल. तो कसा निघेल कुणास ठाऊक."

"आणि गप्प बसून सुटल्या, तर ती आस्थापना वर जाऊन म्हणू शकते की ज्यानं दंड केला त्यानंच अपील ऐकलं, निकाल रद्द करा," साहेब म्हणाले.

"म्हणजे हरकत घ्यावी?"

"मी तसं म्हटलं नाही."

मला राग आला. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. एक वाक्य सांगायला काय जातं?"

तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. काकूंनाही ती नीट माहीत नव्हती असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

साहेब तरुण असताना एका लहान विमानतळावरच्या तंत्रज्ञाला दंड झाला होता. चाक तपासायच्या आधीच त्यानं तपासल्याची सही केली होती. हुकूम वरिष्ठांच्या सहीचा, पण लिहिलेला साहेबांनी. पुढं अपिलांचा अधिकार साहेबांकडं सोपवला गेला आणि त्यात तेच प्रकरण त्यांच्या टेबलावर आलं. मधल्या काळात त्यांना सगळी हकिकत कळली होती. विमानाला उशीर होतोय म्हणून वरच्यांनी त्या माणसाकडून सही घाईनं करून घेतली होती. साहेब त्याला सोडणार होते. मनात ठरलं होतं.

"पण मूळ हुकूम माझ्या हातचा होता," ते म्हणाले. "कागदावर माझं नाव नव्हतं. कुणाला कधी कळलं नसतं. मी प्रकरण परत पाठवलं. लिहिलं की हे मला ऐकता येणार नाही. ते दुसऱ्याकडं गेलं. त्यानं दंड कायम केला. त्या माणसाची नोकरी गेली."

"मग?"

"मग काही नाही. मी जे केलं ते बरोबर होतं. आजही मला तसंच वाटतं." त्यांनी हातातले कागद परत माझ्याकडं दिले. "पण दाढी करताना कधीकधी तो आठवतो. सुनावणीला नवा शर्ट घालून आला होता. घड्या मोडलेल्या नव्हत्या."

काकू हळूच म्हणाल्या, "आन् हे मला कधी बोलला न्हाईत."

"तू विचारलं नाहीस."

"विचाराया ठावं तर पायजे."

मग साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "तेव्हा एक चूक माझी झाली, ती आता कळते. त्या माणसाला मी विचारलंच नाही. त्याला सांगायला हवं होतं, की बाबा, असं असं आहे, मी बाजूला होतोय. त्याचं प्रकरण होतं. त्याला निदान कळायला हवं होतं. तुमचं प्रकरण तुमचं नाही, वकीलबाई. माझं तर नाहीच. ते त्या बाईचं आहे."

दुसऱ्या दिवशी मी महाळुंग्याला गेले. साहेब माझ्या स्कूटीवर मागं बसून आले. मी बोलावलं नव्हतं. "ऐकायला येऊ का? बोलणार नाही," असं त्यांनी विचारलं होतं.

मंदाताई गोठ्यात होत्या. हात धुऊन आल्या, ओट्यावर बसल्या. मी सगळं उलगडून सांगितलं. माणूस तोच आहे, तो सोडायला तयार दिसतो, आपण बोललो तर दुसरा येईल, आणि तो कसा असेल ते सांगता येत नाही.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "त्या साहेबानी पयल्यांदा शिक्षा केली, तवा माझं ऐकलं व्हतं का?"

"नाही. कागद बघून केली."

"आन् दुसरा आला नि त्यानं न्हाई म्हनलं तर?"

"तर हंगाम गेलाच. कदाचित ड्रोनही."

त्या उठल्या, ताडपत्रीखालच्या ड्रोनपाशी गेल्या, उगीच ताडपत्रीचं टोक नीट खोचलं आणि परत आल्या. साहेब बोलणार नाही म्हणाले होते, पण त्यांना राहवलं नाही. "गटाला विचारायचंय का?" ते म्हणाले. "मशीन गटाचं आहे ना?"

"मशीन गटाचं हाय, काका. लायसन माझं हाय. हे मीच ठरवनार." मग माझ्याकडं बघून त्या सावकाश बोलल्या. "त्याच साहेबानं सोडलं, तर गाव म्हणंल, वकीलबाई लावली, गोड बोलली, सुटली. मलाबी तसंच वाटत ऱ्हाईल. दुसऱ्यानं बघितलं नि सोडलं, तर मी खरी सुटले. आन् न्हाई सोडलं, तर चूक माझीच व्हती. तुमी बोला त्यांना."

आम्ही परत निघालो. कळंबला उतरताना साहेब एवढंच म्हणाले, "त्या तंत्रज्ञानंही कदाचित असंच काहीतरी म्हटलं असतं." मग जरा वेळानं, "किंवा नसतंही."

पुढच्या तारखेला मी हरकत मांडली. पडद्यावरच्या अधिकाऱ्यांनी समोरचे कागद चाळले, चष्मा काढला. मला भीती वाटत होती की ते चिडतील. ते म्हणाले, "ये मुझे खुद देखना चाहिए था," आणि तिथल्या तिथं प्रकरणातून बाजूला झाले. अधिकार नव्यानं दुसऱ्या कुणाला सोपवायला काही आठवडे गेले. त्या आठवड्यांत मला मंदाताईंना फोन करायचं धाडस होत नव्हतं. त्याच करायच्या. "काय न्हाई, सहज केला," म्हणायच्या.

नव्या अधिकारी बाई होत्या. नकाशा मोठा करून त्यांनी पडद्यावर लावला आणि हिंदीत विचारलं, "उडवताना हा लाल भाग दिसत होता का?"

मी मंदाताईंना हळूच सांगणार होते की 'नीट आठवत नाही' म्हणा. त्याआधीच त्यांनी उत्तर दिलं होतं. "दिसत व्हता."

"मग का उडवला?"

"मालक म्हनला समदेच मारत्यात. मी ऐकलं. माझंच चुकलं, म्याडम. पन ह्यात गटाच्या बायांचं काय चुकलं? त्यांचं मशीन बंद पडलंय."

मी ते हिंदीत सांगायला लागले. बाईंनी हात वर करून थांबवलं. त्या म्हणाल्या, "मला समजतं." तेही मराठीत. बहुधा इकडच्याच कुठल्यातरी असाव्यात.

निकाल आला तो असा: दंड कायम. लायसन पुन्हा एकदा प्रशिक्षण घेण्याच्या अटीवर परत. मी निकाल वाचून दाखवला तेव्हा मंदाताईंनी फक्त मान हलवली आणि विचारलं, "ट्रेनिंग कधीपासून?" दंड कायम राहिल्याचं मलाच जास्त लागलं. पहिले अधिकारी असते तर तोही सुटला असता, असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, "असता. आणि मग तुमच्याकडं काय राहिलं असतं?" आजही त्याचं उत्तर माझ्याकडं दोन प्रकारे आहे.

उशिराच्या कांद्याची फवारणी तेवढी राहिली होती. मंदाताईंनी प्रशिक्षण संपवून आल्यावर फोन केला, "काकांना घेऊन या. उडिवते." साहेबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत मला म्हणाले, इतकी वर्षं वैमानिकांची, तंत्रज्ञांची अपिलं बघितली, पण निकालानंतर त्यातलं कुणी पुन्हा काम करताना आपण कधीच बघितलेलं नाही.

शेतात गटातल्या चार-पाच बायका आधीच येऊन बसल्या होत्या. मंदाताई हातात रिमोट घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी जवळ जाऊन विचारलं, "मी कुठं उभा राहू?"

"त्या बांधावर. आन् मी सांगस्तोवर तिथनं हालायचं न्हाई."

साहेब बांधावर जाऊन उभे राहिले. ड्रोन घरघरत उठला, कांद्याच्या वाफ्यांवरून सरळ रेषेत गेला, वळला, परत आला. औषधाचं बारीक धुकं खाली बसत होतं. साहेब दोन्ही हात बाजूला सोडून, मान वर करून बघत होते. टाकी संपली, ड्रोन उतरला. बायकांनी मंदाताईंना घेरलं, चहाची किटली आली, हसणं-बोलणं सुरू झालं. मीही त्यात गेले.

बऱ्याच वेळानं लक्षात आलं की साहेब आलेले नाहीत. ते बांधावरच उभे होते. ऊन चांगलंच चढलं होतं. मी जाऊन म्हटलं, "चला, चहा निवतोय."

"तिनं अजून सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

"साहेब, ड्रोन केव्हाच उतरला."

"ते मला दिसतंय."

मी मागं वळून मंदाताईंना हाक मारली. त्यांना आधी कळेना. मग त्या कपाळाला हात लावून वाफे ओलांडत लगबगीनं आल्या, साहेबांच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झालं, काका. आता या."

साहेब बांधावरून खाली उतरले.